फाइल संकेतस्रोत (सॉफ्टवेअर रेडिओ)

फाइल संकेतस्रोत म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओला अँटेनाकडून थेट येणाऱ्या संकेताऐवजी पूर्वी नोंदवून ठेवलेल्या संकेताची फाइल पुरवणारा घटक होय. सॉफ्टवेअर रेडिओमध्ये संकेताचे अंकीकरण झाल्यानंतर तो गाळणे, त्याची वारंवारता सरकवणे, त्यातील संदेश उलगडणे ही सर्व कामे संगणकीय आज्ञावली करते. आज्ञावलीच्या दृष्टीने संकेत हा केवळ संख्यांचा प्रवाह असतो. तो प्रवाह या क्षणी छतावरच्या अँटेनातून येत आहे की दहा वर्षांपूर्वीच्या फाइलीतून, हे तिला कळत नाही. त्यामुळे रेडिओ उपकरण जवळ नसतानाही रेडिओग्राही (रेडिओ संकेत ग्रहण करून त्यातील संदेश वेगळा काढणारी यंत्रणा) रचता, तपासता आणि शिकवता येतो. तथापि फाइल अँटेनाची जागा पूर्णपणे घेत नाही. काळाची गती, ग्राहीवरचे नियंत्रण आणि संकेताविषयीची आनुषंगिक माहिती या तीन गोष्टी फाइलीत आपोआप येत नाहीत, आणि फाइल वापरताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ यांपैकी एखादीत असते.

नोंदीचे स्वरूप

रेडिओ लहरींची वारंवारता कोट्यवधी हर्ट्झ असल्याने त्या जशाच्या तशा नोंदवणे सहसा परवडत नाही. ग्राही प्रथम हव्या असलेल्या वारंवारतेभोवतीचा पट्टा निवडतो आणि तो शून्य वारंवारतेच्या आसपास खाली आणतो. या क्रियेत संकेत दोन शाखांत विभागला जातो. एका शाखेत त्याचा गुणाकार ग्राहीतच निर्माण केलेल्या लहरीशी होतो, तर दुसऱ्या शाखेत त्याच लहरीच्या ९० अंशांनी सरकवलेल्या प्रतीशी होतो. पहिल्या शाखेतून ‘आय’ आणि दुसरीतून ‘क्यू’ घटक मिळतो. दोन्ही घटक मिळून एक संमिश्र संख्या बनते. तिच्या मूल्यावरून संकेताचा आयाम आणि कोनावरून कला समजते.

दोन घटकांची गरज एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मध्य वारंवारतेच्या १० किलोहर्ट्झ वर असलेला संकेत आणि तितकाच खाली असलेला संकेत, हे दोन्ही एकट्या आय घटकात सारखेच दिसतात. क्यू घटक जोडीला असला की एका संकेताच्या बाबतीत संमिश्र संख्येचा कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत उलट दिशेने, आणि दोघांतील फरक उघड होतो. फाइल वाचताना आय व क्यू यांची अदलाबदल झाली, तर संपूर्ण वर्णपट आरशातल्याप्रमाणे उलटा होतो. ही चूक वरवर पाहता लक्षात येत नाही, कारण उलटा वर्णपटही अगदी खऱ्यासारखा दिसतो.

संमिश्र नमुन्यांच्या बाबतीत नमुनादर आणि नोंदवलेल्या पट्ट्याची रुंदी या संख्या समान असतात. सेकंदाला २४ लाख नमुने घेतले, तर मध्य वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना मिळून २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा फाइलीत येतो. त्याच्या अगदी कडेचा भाग गाळणीमुळे निरुपयोगी होतो. या पट्ट्यात जितकी प्रसारणकेंद्रे असतील, ती सर्व एकाच वेळी नोंदवली जातात. एफएम पट्ट्याच्या काल रात्रीच्या फाइलीतून आज एक केंद्र ऐकता येते आणि उद्या त्याच मिनिटाला शेजारच्या केंद्रावर काय चालले होते तेही ऐकता येते.

ध्वनिमुद्रण आणि अशी नोंद यांतील भेद येथेच आहे. ध्वनिमुद्रणात ग्राहीचे काम आधीच पूर्ण झालेले असते. कोणती गाळणी लावायची, ती किती रुंद ठेवायची, हे निर्णय होऊन गेलेले असतात आणि ते मागे घेता येत नाहीत. कच्च्या नमुन्यांच्या फाइलीत हे सर्व निर्णय पुढे ढकललेले असतात.

फाइलीत नसलेली माहिती

कच्च्या नमुन्यांच्या फाइलीत नमुन्यांखेरीज काहीही नसते. ‘येथे पहिली संख्या सुरू होते’ अशी खूणही नसते. तिचा अर्थ लावण्यासाठी प्रत्येक संख्या कोणत्या प्रकारात लिहिली आहे, नमुनादर किती होता, मध्य वारंवारता कोणती होती आणि नोंद केव्हा सुरू झाली, हे बाहेरून सांगावे लागते.

संख्यांचा प्रकार उपकरणागणिक बदलतो. दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेल्या आरटीएल२८३२यू चिपच्या यूएसबी उपकरणांचा सर्वसाधारण रेडिओग्राही म्हणून उपयोग होऊ शकतो, हे २०१२ च्या सुमारास सर्वत्र माहीत झाले आणि आरटीएल-एसडीआर या नावाने ती हौशी मंडळींत रुळली. ही उपकरणे प्रत्येक घटकासाठी ८ बिटांची चिन्हरहित संख्या देतात. ती ० ते २५५ या मर्यादेत असते आणि शून्य संकेत १२७ व १२८ यांच्या मधोमध पडतो. हॅकआरएफ हे उपकरणही ८ बिटांचेच, पण त्याच्या संख्या चिन्हयुक्त असतात. यूएसआरपी उपकरणांच्या नोंदी बहुधा १६ बिटांच्या पूर्णांकांत ठेवल्या जातात. जीएनयू रेडिओ ही २००१ मध्ये सुरू झालेली मुक्त आज्ञावली आपल्या अंतर्गत व्यवहारात ३२ बिटांच्या अपूर्णांकी संख्या वापरते, त्यामुळे तिने लिहिलेल्या फाइलीत एका संमिश्र नमुन्याला ८ बाइट लागतात.

प्रकार चुकला तर आज्ञावली थांबत नाही किंवा तक्रारही करत नाही. ८ बिटांची फाइल १६ बिटांची समजून वाचली, तर पडद्यावर एकसारखा गोंगाट दिसतो आणि नवखा वापरकर्ता अँटेनाला किंवा हवामानाला दोष देऊ लागतो. चिन्हरहित संख्या चिन्हयुक्त म्हणून वाचल्यास वर्णपट विद्रूप होतो, तरी त्यात ओळखीच्या आकृत्या उरतात, म्हणून ही चूक अधिक फसवी ठरते. अनोळखी फाइल हाती आल्यास तिच्या बाइटांची वारंवारिता मोजून पाहणे हा चांगला उपाय आहे. मूल्यांची गर्दी १२७-१२८ भोवती असेल, तर ती बहुधा आरटीएल-एसडीआरची नोंद असते. गर्दी ० आणि २५५ या दोन टोकांना असेल, तर चिन्हयुक्त ८ बिटांचा संशय घ्यावा, कारण त्या पद्धतीत २५५ हा बाइट उणे १ चा असतो.

नमुनादर चुकीचा सांगितल्यास काळच ताणला किंवा आकसला जातो. एफएम प्रसारणातील निवेदकाचा आवाज चिरका किंवा घोगरा ऐकू येतो आणि चूक लगेच उमगते. अंकीय संदेशांच्या बाबतीत मात्र एकही संदेश उलगडत नाही, आणि का उलगडत नाही याचा कोणताही सुगावा मिळत नाही. मध्य वारंवारता चुकीची सांगितल्याने नमुन्यांवर काहीच परिणाम होत नाही, फक्त पडद्यावरची मोजपट्टी खोटी ठरते.

या अडचणीवर पहिला व्यवहारी तोडगा निघाला तो फाइलीच्या नावातच माहिती लिहिण्याचा. जीक्यूआरएक्स ही आज्ञावली नोंदीच्या नावात दिनांक, वेळ, मध्य वारंवारता आणि नमुनादर घालते. एसडीआरशार्प व एचडीएसडीआर यांच्या नावांतही दिनांक, वेळ आणि वारंवारता असते. पद्धत साधी आणि परिणामकारक आहे, मात्र कोणी फाइलीचे नाव बदलले की सगळेच जाते. एसडीआरशार्प आणि एचडीएसडीआर नमुने वेव्ह प्रकारच्या ध्वनिफाइलीत ठेवतात. आय घटक डाव्या वाहिनीत आणि क्यू घटक उजव्या वाहिनीत जातो. या प्रकाराला शीर्षभाग असतो, त्यात नमुनादर व संख्यांचा प्रकार नोंदलेला असतो. परंतु शीर्षभागात फाइलीची लांबी ३२ बिटांत लिहिली जात असल्याने आकार ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. आरएफ६४ या सुधारित प्रकाराने ही मर्यादा दूर केली.

जीएनयू रेडिओच्या परिवारातून पुढे आलेले सिगएमएफ हे मानक या प्रश्नाचे अधिक पद्धतशीर उत्तर आहे. त्यात नमुन्यांची फाइल जशीच्या तशी राहते आणि तिच्या जोडीला जेसन पद्धतीची एक छोटी मजकूर-फाइल दिली जाते. संख्यांचा प्रकार, बाइटांचा क्रम, नमुनादर, प्रत्येक तुकड्याची मध्य वारंवारता व प्रारंभकाळ हे सर्व तीत असते. अमुक नमुन्यापासून तमुक नमुन्यापर्यंत अमुक वारंवारतांच्या दरम्यान कोणता संकेत आहे, अशी टिपणेही तीत लिहिता येतात. मजकूर-फाइल माणसालाही वाचता येते, त्यामुळे आज्ञावली कालबाह्य झाली तरी नोंदीचा अर्थ टिकून राहतो.

जीपीएस संकेताचे उदाहरण

फाइलीतून संकेत वाचणे म्हणजे नेमके काय घडते, हे जीपीएसच्या उदाहरणाइतके दुसऱ्या कशातूनही स्पष्ट होत नाही. स्पेनमधील बार्सिलोनाजवळच्या कास्तेलदेफेल्स येथील सीटीटीसी या दूरसंचार संशोधन केंद्राने जीएनएसएस-एसडीआर ही उपग्रहीय दिशादर्शनाची मुक्त आज्ञावली विकसित केली आहे. तिच्या अभ्यासकांना पहिला धडा म्हणून एक फाइल दिली जाते. ती ४ एप्रिल २०१३ रोजी त्या केंद्रातच नोंदवलेली असून तिचा नमुनादर सेकंदाला ४० लाख आहे. प्रत्येक घटक १६ बिटांचा, म्हणजे एका संमिश्र नमुन्याला ४ बाइट लागतात. नोंद १०० सेकंदांची आहे, तेव्हा फाइलीचा आकार १.६ अब्ज बाइट भरतो.

ही फाइल नागपुरातील विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर चालवली, तर आज्ञावली नागपूरचे अक्षांश-रेखांश दाखवत नाही. ती कास्तेलदेफेल्सचे दाखवते आणि वेळही २०१३ च्या एप्रिलमधील सांगते. उपग्रहांची त्या क्षणीची अंतरे नमुन्यांत गोठलेली असतात. ग्राही कोठे व केव्हा चालवला याला महत्त्व नसून अँटेना कोठे व केव्हा होती याला महत्त्व असते.

हे उत्तर कसे निघते ते पाहणे उद्बोधक आहे. जीपीएसचा नागरी संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर येतो. प्रत्येक उपग्रहाचा स्वतःचा १०२३ घटकांचा संकेतक्रम असतो आणि तो दर मिलिसेकंदाला एकदा पुनरावृत्त होतो. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत संकेत इतका क्षीण झालेला असतो की ग्राहीच्या पट्ट्यातील गोंगाट त्याच्या सुमारे शंभरपट भरतो. फाइलीचा वर्णपट काढला तर त्यात काहीही दिसत नाही. ग्राही उपग्रहाच्या माहीत असलेल्या क्रमाची प्रत तयार करतो आणि ती नमुन्यांशी निरनिराळ्या विलंबांनी व निरनिराळ्या वारंवारतांनी ताडून पाहतो. योग्य जागी बेरीज एकदम उसळते व उपग्रह सापडतो. त्यानंतर सेकंदाला ५० बिट या संथ गतीने येणारा संदेश वाचला जातो. उपग्रहाच्या कक्षेची माहिती देणारी संपूर्ण चौकट ३० सेकंदांची असते. चार उपग्रहांची माहिती हाती आली की स्थान काढता येते. म्हणून दहा-वीस सेकंदांची जीपीएस नोंद उपग्रह शोधण्याच्या सरावाला पुरते, परंतु बाहेरून कक्षांची माहिती दिल्याखेरीज केवळ तिच्यावरून स्थान काढता येत नाही.

संकेत गोंगाटाखाली दबलेला असल्याचा एक अनपेक्षित फायदा आहे. प्रत्येक नमुना केवळ एका बिटात, म्हणजे धन की ऋण इतकाच, नोंदवला तरी सुमारे २ डेसिबलचेच नुकसान होते, आणि दोन बिटांत ते अर्ध्या डेसिबलच्या आसपास उतरते. यामुळे जीपीएसच्या फाइली कित्येकदा अत्यंत आटोपशीर असतात. एका बाइटात अनेक नमुने कोंबलेले असतात, आणि ते कोणत्या क्रमाने कोंबले हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. जीएनएसएस-एसडीआरमध्ये अशा फाइलींसाठी वेगळे संकेतस्रोत दिलेले आहेत. प्रबळ व क्षीण संकेत एकाच पट्ट्यात शेजारी असतात तेथे मात्र इतकी काटकसर चालत नाही.

कालनिर्देशाचीही एक मौजेची अडचण या फाइलींत आढळते. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा आहे, त्यामुळे १०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे १९.६ वर्षांनी, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये घडले. थेट संकेत घेणाऱ्या ग्राहीला ‘आज’ कोणते दशक आहे हे गृहीत धरता येते, पण फाइल वाचणाऱ्याला ते गृहीत धरणे महागात पडते. २०१३ ची नोंद आजच्या मोजणीचक्रातील समजल्यास तिची तारीख २०३२ मधील निघेल. जीएनएसएस-एसडीआरमध्ये साधारण २००९ च्या मध्यापूर्वीच्या फाइलींसाठी स्वतंत्र पर्याय ठेवला आहे, तो यामुळेच.

काळाची गती

थेट संकेत घेताना नमुन्यांची गती उपकरणातील स्फटिक ठरवतो. संगणक मागे पडला तर नमुने वाट पाहत नाहीत, ते गळून जातात. फाइलीच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी असते. पुढचा टप्पा मोकळा होईपर्यंत फाइल थांबून राहते, त्यामुळे संथ संगणकावरही एकही नमुना न गमावता गणित पूर्ण होते. तासाभराची नोंद उलगडायला तीन तास लागले तरी उत्तर तेच येते. वेगवान संगणकावर तीच नोंद काही मिनिटांत संपू शकते.

हा वेग कधीकधी गैरसोयीचा ठरतो. जीएनयू रेडिओमध्ये फाइल संकेतस्रोत थेट वर्णपटाच्या पडद्याला जोडला, तर आज्ञावली संगणकाची सगळी शक्ती पणाला लावून फाइल वाचत सुटते, पडदा गोठतो आणि नोंद डोळ्यांपुढून क्षणात निघून जाते. यासाठी मध्ये ‘थ्रॉटल’ नावाचा घटक बसवतात. तो ठरवलेल्या सरासरी गतीनेच नमुने पुढे सोडतो. त्याला घड्याळ समजणे चूक आहे. तो नमुने गठ्ठ्यागठ्ठ्यांनी सोडतो आणि त्यांच्यातील अंतर काटेकोर नसते. रचनेत ध्वनिपत्रक किंवा प्रक्षेपक यांसारखे स्वतःचे घड्याळ असलेले उपकरण असेल, तर तेच गती ठरवते आणि थ्रॉटल वापरू नये, असा संकेत आहे. दोन घड्याळे एकाच रचनेत कधीच पूर्ण जुळत नाहीत. काही वेळाने एक पुढे जाते आणि आवाज तुटू लागतो.

नोंद संपल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सोय बहुतेक आज्ञावलींत असते. एफएम प्रसारणासाठी ती निरुपद्रवी आहे, फार तर सांध्याशी ‘टक्’ असा आवाज येतो. जीपीएससारख्या संकेतात मात्र त्या सांध्यावर काळ एकदम मागे उडी घेतो, कलेची सलगता तुटते आणि ग्राहीची उपग्रहांवरची पकड सुटते. आज्ञावलीत दोष आहे असे समजून तो शोधण्यात दिवस घालवल्यावर कारण केवळ हा सांधा निघावा, हा या क्षेत्रातील नेहमीचा अनुभव आहे.

फाइलीची मर्यादा

नोंदवताना झालेली चूक वाचताना सुधारता येत नाही. ग्राहीचा लाभ जास्त ठेवल्याने नमुने कमाल मर्यादेला टेकले असतील, तर छाटलेली शिखरे परत मिळत नाहीत. लाभ फारच कमी असेल, तर क्षीण संकेत संख्यांच्या सर्वांत खालच्या पायरीखाली दबून जातो. नोंदवलेल्या पट्ट्याबाहेरची वारंवारता निवडता येत नाही. अनेक उपकरणांत मध्य वारंवारतेवर एक खोटा काटा उमटतो, म्हणून हवा असलेला संकेत जाणूनबुजून मध्यापासून थोडा बाजूला ठेवून नोंद करण्याची पद्धत आहे.

सर्वांत वाईट प्रकार गळालेल्या नमुन्यांचा. तबकडी संथ असल्यामुळे नोंदवताना काही हजार नमुने सुटले, तर फाइलीत तेथे मोकळी जागा दिसत नाही. दोन्ही बाजूंचे नमुने एकमेकांना चिकटतात. नंतर फाइल पाहणाऱ्याला फक्त एवढेच दिसते की एका विशिष्ट क्षणी सर्व उपग्रहांचा काळ एकाच वेळी, एकाच प्रमाणात सरकला. नोंदणीच्या वेळी पडद्यावर उमटलेला इशारा फाइलीबरोबर जपून ठेवलेला नसेल, तर हे सरकणे संकेताचे की यंत्राचे, याचा निवाडा करणे अवघड होते.

आकारमान हा रोजचा प्रश्न आहे. आरटीएल-एसडीआर सेकंदाला २४ लाख नमुन्यांच्या दराने चालवल्यास दर सेकंदाला ४८ लाख बाइट जमा होतात, म्हणजे तासाला सुमारे १७ गिगाबाइट. हीच नोंद जीएनयू रेडिओच्या अपूर्णांकी संख्यांत ठेवल्यास ती चौपट, सुमारे ६९ गिगाबाइट होते. त्या जादा बाइटांत नवी माहिती मात्र काडीचीही नसते. म्हणून नोंद उपकरणाच्या मूळ प्रकारातच ठेवणे आणि रूपांतर वाचताना करणे श्रेयस्कर ठरते. हवा असलेला संकेत अरुंद असल्यास पट्टा आधीच आकुंचित करून नमुनादर उतरवतात, मात्र असे करताना शेजारचे सर्व काही कायमचे टाकून दिले जाते.

पूर्वेतिहास

‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. आधी नोंदवायचे आणि मागाहून ऐकायचे, ही कल्पना मात्र रेडिओ खगोलशास्त्रात त्याहून बरीच जुनी आहे. एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दुर्बिणींचे संकेत १९६७ साली प्रथम चुंबकीय फितींवर नोंदवून नंतर एकत्र आणले गेले. त्या वेळच्या अमेरिकी अंकीय पद्धतीत सेकंदाला ७२० किलोबिट या गतीने नोंद होई आणि संगणकाची एक फीत सुमारे तीन मिनिटांत भरत असे.

या पद्धतीचे भव्य रूप एप्रिल २०१७ मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या निरीक्षणांत दिसले. जगभरच्या दुर्बिणींनी सुमारे ५ पेटाबाइट नमुने तबकड्यांवर नोंदवले. ते आंतरजालावरून पाठवणे शक्य नसल्याने तबकड्याच विमानाने नेण्यात आल्या. दक्षिण ध्रुवावरील तबकड्या तर तेथील हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या होत्या. या सर्व फाइली एकाच वेळी संकेतस्रोत म्हणून चालवून जुळवल्या गेल्या, आणि एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे असलेल्या महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बिणीत (जीएमआरटी) प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा समूह वापरून सॉफ्टवेअरवर चालणारी ग्राहीव्यवस्था उभारण्यात आली व २०१० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तीत कच्चे नमुने तबकड्यांवर साठवण्याची सोय होती. अशा नोंदींवरून मिलिसेकंद स्पंदक ताऱ्यांची आकाशातील अचूक स्थाने ठरवण्याचे काम झाले. अशा ताऱ्याच्या स्पंदनाचे गणित पुनःपुन्हा वेगळ्या रीतीने करून पाहावे लागते, आणि ते नोंद हाताशी असल्यामुळेच शक्य होते.

पुन्हा न येणारे संकेत

फाइलीचे मोल सर्वाधिक जाणवते ते संकेत पुन्हा कधीच येणार नसतो तेव्हा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्झवरचा क्षीण संकेत १७ कोटी ५० लाख किलोमीटरवरून खोडदच्या दुर्बिणीने टिपला. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी तो लोपला. यान कोसळले होते. मंगळाभोवतीच्या सहयानाने उतरणीदरम्यान नोंदवून ठेवलेली यानाची माहितीच पुढील चौकशीचा आधार ठरली. यानाच्या एका संवेदकाचे मापन जेमतेम सेकंदभर कमाल मर्यादेला टेकून राहिले, त्यामुळे उंचीचे गणित ऋण निघाले, आपण जमिनीवर पोहोचलो असे समजून संगणकाने हवाई छत्री अकाली सोडली आणि इंजिने काही सेकंदांतच बंद केली, असे त्या नोंदींवरून दिसून आले.

घरगुती पातळीवर याचे उदाहरण म्हणजे अमेरिकी हवामान उपग्रह. नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ढगांची चित्रे एपीटी या साध्या पद्धतीने प्रक्षेपित करत असत. सेकंदाला दोन ओळी आणि ओळीत २०८० बिंदू अशी ती रचना होती. स्वस्त ग्राही आणि तारेची घरगुती अँटेना यांवर ती चित्रे मिळत, म्हणून सॉफ्टवेअर रेडिओचा पहिला धडा अनेकांनी या उपग्रहांवरच गिरवला. २०२५ मध्ये जून ते ऑगस्टदरम्यान हे तिन्ही उपग्रह सेवेतून काढण्यात आले. आता एपीटी शिकू पाहणाऱ्याला त्यांच्या जुन्या फाइलीच तेवढ्या उरल्या आहेत.

त्या फाइलींत दोन जाती आहेत. बहुसंख्य हौशी मंडळींनी सेकंदाला ११,०२५ नमुन्यांच्या ध्वनिफाइली जपल्या, कारण चित्र काढणाऱ्या लोकप्रिय आज्ञावलीला तेवढेच लागत असे आणि जागाही कमी लागे. त्यांतून चित्र पुन्हा काढता येते. परंतु उपग्रह जवळ येताना व दूर जाताना वारंवारतेत होणारा सुमारे ३ किलोहर्ट्झचा बदल कसा हाताळावा, गाळणी किती रुंद ठेवली तर गोंगाट कमी होतो, या प्रश्नांचा अभ्यास त्यांवर करता येत नाही. ज्यांनी आय-क्यू नमुने ठेवले, त्यांच्या फाइलींत उपग्रहाची संपूर्ण फेरी शाबूत आहे. १५ मिनिटांची फेरी सेकंदाला २.४ लाख नमुन्यांनी, ८ बिटांत नोंदवल्यास ती सुमारे ४३२ मेगाबाइटमध्ये मावते.

चाचणी व शिक्षण

आज्ञावलीत बदल केल्यानंतर ती पूर्वीइतकीच चांगली चालते का, हे थेट संकेतावर ठरवता येत नाही, कारण दोन वेळचा संकेत कधीच सारखा नसतो. एकच फाइल आधी जुन्या आणि मग नव्या आज्ञावलीला दिली की तुलना न्याय्य होते. विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे संदेश उलगडणाऱ्या डम्प१०९० या आज्ञावलीत फाइल वाचण्याचा पर्याय आहे आणि तिच्यासोबत चाचणीची एक फाइलही दिली जाते. ज्या गावावरून विमाने क्वचितच जातात, तेथील विद्यार्थ्यालाही त्यामुळे ही रचना शिकता येते.

मात्र एकाच फाइलीवर बेतलेली आज्ञावली त्या फाइलीपुरतीच हुशार होण्याचा धोका असतो. तिचा नमुनादर, तिचा गोंगाट, तिच्या स्फटिकाची चूक या सर्वांना आज्ञावली नकळत सरावते. म्हणून निरनिराळ्या उपकरणांनी व निरनिराळ्या ठिकाणी केलेल्या नोंदी वापराव्या लागतात आणि शेवटची परीक्षा अँटेनावरच घ्यावी लागते. फाइलीवर निर्दोष चाललेला ग्राही थेट संकेतावर मागे पडू शकतो, कारण फाइलीने त्याच्यासाठी थांबून त्याचा संथपणा झाकलेला असतो.

प्रक्षेपणासाठी वापर व कायदेशीर बाजू

प्रक्षेपणक्षम उपकरण असल्यास हीच फाइल उलट दिशेने, म्हणजे प्रक्षेपकाचा स्रोत म्हणूनही वापरता येते. हॅकआरएफची आज्ञावली ज्या प्रकारात नोंद करते, त्याच प्रकारातील फाइल प्रक्षेपितही करते. जुन्या पद्धतीच्या दूरनियंत्रकांचा संकेत नोंदवून तोच पुन्हा पाठवला तर दार उघडू शकते. मोटारींच्या किल्ल्यांत दर वेळी बदलणारे संकेतक्रम आले, त्यामागे हेच कारण आहे. जीपीएसची नोंद हवेत सोडणे त्याहून गंभीर आहे. आसपासचे ग्राही नोंदीतील स्थान व काळ खरा मानू शकतात, आणि भ्रमणध्वनीचे मनोरेही अचूक काळासाठी जीपीएसवर अवलंबून असतात. भारतात काही ठरावीक कमी शक्तीचे परवानामुक्त पट्टे वगळता बिनतारी प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाचा परवाना लागतो. हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागामार्फत दिला जातो आणि तो हौशी पट्ट्यांपुरताच असतो. प्रयोगशाळेत अशी चाचणी करताना अँटेना न लावता प्रक्षेपक व ग्राही केबलने जोडतात आणि मध्ये संकेत क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर बसवतात. त्यामुळे संकेत हवेत जात नाही आणि ग्राहीचा नाजूक प्रवेशभागही जळत नाही.